मियाहेलिया म्हणजे मृग

मी घोटी सोडली तेव्हा दादा मुंबईपर्यंत आले नाहीत. एसटी स्टँडवरच त्यांनी माझ्या पिशव्या गाडीत चढवल्या आणि खिडकीशी उभे राहून म्हणाले, "मिरुग तोंडावर हाय पोरी. राबात भाताचं बी टाकायचंय. मी तुझ्यासंगं आलो तर पाऊस थांबंल का माझ्यासाठी?" मला वडिलांचा रागच आला. मुलगी मालदीवला शिक्षिका म्हणून निघालीय आणि यांना रोपांचं पडलंय. आई डोळ्याला पदर लावून उभी होती, तिलाही त्यांनी घरी चल म्हणून घाई केली.

नाशिकला बी.एड. करूनही कायम नोकरी मिळत नव्हती, म्हणून हे बेट. चालायला निघालं की अर्ध्या तासात संपायचं. चारी बाजूंना पाणी आणि पिण्याजोगा थेंब नाही. विहिरीचं पाणी मचूळ, अंघोळीपुरतं. प्यायचं ते पावसाचंच. पत्र्यावरून पन्हळीने टाकीत उतरायचं आणि कोरड्या महिन्यांत तेच पुरवून वापरायचं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे आषाढात आभाळ फाटतं आणि वैशाखात आई हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरते.

ज्या घरात राहिले ते आमिनाचं. थोरल्या बहिणीला तिकडे 'दत्ता' म्हणतात, म्हणून ती माझी आमिनादत्ता. तिचे सासरे होड्या बांधायचे. सगळे त्यांना काफा म्हणत, म्हणजे आजोबा. एका संध्याकाळी ते बोटांवर काहीतरी मोजत होते, "अस्सिदा, बुरुनु, केति, रोनु, मियाहेलिया, अदा." मी ऐकता ऐकता मनात जोडत गेले. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा! समुद्रापलीकडच्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी माझ्या बापाची नक्षत्रं. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मला तिथे शांत झोप लागायला लागली.

केति लागलं की टाकी मोकळी करायची, ही काफांच्या घरची रीत होती. ज्यांची टाकी आटलीय त्यांना बोलावून पाणी वाटायचं. नवा पाऊस दारात असताना जुनं पाणी धरून बसणं त्यांना हलकेपणाचं वाटे. पहिली काही वर्षं हे जमून गेलं. मग पाऊस बिघडला. कधी रोनुत आला, कधी मियाहेलियात, आणि कधी एकाच दिवसात सगळा ओतून गेला, टाकी भरून वर अंगणातून वाहिला आणि पुन्हा फिरकला नाही.

एका वर्षी काफांनी केतिला टाकी मोकळी केली आणि आभाळ कोरडंच राहिलं. आमिना आधीच नको म्हणत होती, घरात लहान मुलं होती. म्हातारा ऐकेना. शेवटी तळाचा गाळ हाताला लागला. राजधानीहून बोटीने पाणी आलं तेव्हा काफा डबा घेऊन रांगेत उभे राहिले. ज्यांना त्यांनी पाणी वाटलं होतं तेही त्याच रांगेत होते. कुणी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, तेवढी त्यांची लाज सगळ्यांनी राखली. त्याच पावसाळ्यात मी घरी फोन केला तर दादा म्हणाले, "रोपं करपली. दुसऱ्यांदा बी टाकतोय." पावसावर घटकाभर बोलणारा माणूस, एवढंच बोलला.

पुढे आमिनाने बेट सोडलं. काफा येत नव्हते, नातवंडांनी हाताला धरून बोटीत बसवलं. मीही राजधानीत बदली घेतली. तिथे समुद्राचंच पाणी गोडं करून नळाला देतात. पाऊस पडो न पडो, तोटी फिरवली की पाणी. काफांना त्याची चव शेवटपर्यंत आवडली नाही, आणि ते पुन्हा कधी बोटांवर मोजताना मला दिसले नाहीत. तिथेच वारले.

मी दमलेय. वर्गात फळ्यावर लिहिते की पावसाळा अमुक महिन्यात सुरू होतो, मुलं ते उतरवून घेतात, आणि मला माझंच अक्षर खोटं वाटतं. घर म्हणजे जिथे पाऊस कधी येणार हे कुणाला तरी ठाऊक असतं, असं मला इतकी वर्षं वाटायचं. दोन घरं होती माझी तशी.

यंदा सुट्टीत मी घोटीला येतेय आणि आमिना मागे लागलीय, "टीचर, हमको भी तुम्हारा घर देखना है." सिनेमे बघून शिकलेली तिची हिंदी. मी म्हटलं, पावसाळ्यात चल, भाताची आवणी बघ, डोंगरावरून धबधबे कसे कोसळतात ते बघ. "बारिश कब?" तिने विचारलं. तिला तिकीट काढायचं होतं. मला सांगता येईना, म्हणून दादांना फोन लावला.

ते म्हणाले, "पावसाचं आता मी काय बी सांगत नाय. तिला म्हनावं, कवाबी ये. पानी नसलं तर टँकरचं पाजू, पन ये."