आमच्या घराची हप्तेबंदी

"ए पोरी, इकडे ये. पाय दाखव."

चेअरमन हे बोलला तेव्हा माझ्या भाच्याची हळद चालू होती. भर मांडवात. पुढच्या ओळीत मानाच्या माणसांसाठी सोफे मांडले होते आणि मधल्या सोफ्यावर आमच्या पतसंस्थेचा चेअरमन बसला होता, हातात थंड्याची बाटली. सगळे त्याला शेठ म्हणतात. चौलला त्याची नारळी-पोफळीची वाडी आहे, नागावला समुद्राकाठी पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं कॉटेज आहे, आणि अर्ध्या गावाचं कर्ज त्याच्या सहीनं निघतं.

त्यानं हाक मारली ती पोरगी म्हणजे माझी सानिका. अकरा वर्षांची. माझ्या दादाला मुलगी नाही, म्हणून नवरदेवाची करवली तीच. कलश घेऊन चालत होती आणि पायातले चांदीचे पैंजण वाजत होते. करवलीचा मान म्हणून दादानंच ते आदल्या दिवशी तिच्या पायात घातले होते, स्वतःच्या हातानं. मी समोर उभी होते.

पोरगी गेली त्याच्यापुढं. परकर जरा वर धरला. लाजली नाही, हसली. नवी वस्तू दाखवायची हौस असते या वयात.

"चांदीचे आहेत?"

"हो."

"कुणी घेतले?"

"मामानी."

चेअरमननं दादाकडं बघितलं. "काय रे, तू दिलेस? यांच्या कर्जाला जामीन आहेस ना तू? एवढे पैसे असतील तर यांचे हप्ते तूच भर की."

दादाचं तोंड उतरलं. माझ्याकडं त्यानं बघितलंच नाही.

"न्हाय शेठ. मी कुठनं देनार? त्यांचंच आसंल."

लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गाता गाता थांबली. मांडवातल्या सगळ्या बायका माझ्या माहेरच्या. त्यांच्या अंगाखांद्यावर मी वाढले. त्या टकामका बघायला लागल्या. सानिका म्हणाली, "मामा, तूच दिलास ना काल?"

आणि मी काय केलं? पुढं झाले आणि पोरीच्या थोबाडीत दिली. "खोटं बोलतेस?" म्हणून मीच ओरडले. जामीनच खोटा पडला तर घर जाईल, एवढंच डोक्यात होतं. मग खाली बसून तिच्या पायातले पैंजण काढायला लागले. एकाचा आकडा घट्ट बसला होता, निघेना. ओढला, तशी घोट्याची कातडी सोलली. ती रडली नाही. मी मान वर केली तेव्हा माझ्याकडंच बघत होती.

"राहू देत माझ्याकडे," चेअरमन म्हणाला. "हप्त्यात धरू." पैंजण खिशात टाकले आणि जेवायला वाढा म्हणाला. धवलारणीनं गाणं पुन्हा उचललं.

आता कुणी म्हणेल, बाई, एवढी कसली भीती? सांगते.

माझ्या नवऱ्यानं पतसंस्थेचं कर्ज काढून मिनीडोअर, सहा सीटांची रिक्षा, घेतली. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर सीटा मारायचा. बरं चाललं होतं. मग ट्रकनं गाडी उडवली. गाडी भंगारात गेली, नवरा पाय मोडून खाटेवर. हप्ते थकले. एक दिवस दारावर जप्तीची नोटीस लागली. घर जाणार म्हणून आम्ही भांडी बांधायला घेतली होती. तेवढ्यात संस्थेनं तडजोड दिली. हप्तेबंदी. दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला हप्ता, पाच वर्षं. जामीन माझा दादा. नवरा काठी टेकत जाऊन सही करून आला.

"सुटलो," म्हणाला. "पन शेठनी एक अट घातलीय. सात नंबरची. कर्ज फिटंपरत जास्तीचा खर्च कराचा न्हाय. केला तर तडजोड रद्द आन घर जप्त."

जास्तीचा म्हणजे कुठला? ते शेठ ठरवणार.

तेव्हापासून सात नंबर आमच्या घरात राहायला आला. मासे आणले तर पिशवीत वर पालेभाजी. पापलेट तर नाहीच. आणि जे आणू त्याचं कालवण. तीन वर्षं माझ्या घरात मासा तळला नाही, वास बाहेर जातो म्हणून. आगरी घरात मासा तळत नाहीत, ऐकलंय कुणी? पोरीला नवीन फ्रॉक घेतला तर आधी दोनदा धुवायचा, चुरगाळायचा, मग घालायचा. शाळेची सहल आली की मी म्हणायची, तुला गाडी लागते. तिला कधीच गाडी लागत नाही. नवरा पूर्वी नाक्यावर बसून मोठ्यानं हसायचा, ते बंद झालं. हसणाऱ्या माणसाकडं पैसा असतो असं लोकांना वाटतं. शेजारणी विहिरीवर चेष्टा करायच्या, "काय गो, कांकणं भरलीस, सात नंबरला इचारलास का?" मीपण हसायची त्यांच्यात. निर्लज्जासारखी हसायची.

दर शनिवार-रविवार मी नागावच्या कॉटेजवर. पाहुण्यांची ताटं घासायची, चादरी धुवायच्या, कोलंबी सोलायची. पगार नाही. "तुम्हाला तडजोड दिली ना, मग एवढं नको का करायला?" चेअरमनची बायको म्हणायची. मला वाटायचं, तेही कागदात असेल. एवढ्या वर्षांत आमचा एक हप्ता चुकला नाही, आणि मी रोज चोरासारखी जगले.

हळदीनंतर चार दिवसांनी चेअरमनच्या बायकोचा फोन आला. "शनिवारपासून पोरीला पण घेऊन ये. पाहुण्यांची ताटं उचलेल. चांदी घालायची हौस आहे ना, मग काम करू दे."

"हो बाईसाहेब," मी म्हटलं.

खरंच म्हटलं. खोटं कशाला सांगू?

सानिका चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मी सांगितलं, शनिवारी माझ्याबरोबर यायचंय. ती दप्तर भरत होती. म्हणाली, "ते पन सात नंबरात हाय?"

"असंल."

"मग कागद दाखव."

उद्धटपणे नाही म्हणाली. शाळेत बाई विचारतात तसं, कुठल्या पानावर आहे ते दाखव. आणि माझ्याकडं दाखवायला कागदच नव्हता. ज्याच्या भीतीनं पोरीला मारलं, तो कागद मी डोळ्यांनी बघितला नव्हता. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला कोन वाचून दाखवनार? शेठ बोलले, मी मान हलवली."

मी उठले आणि पतसंस्थेत गेले. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, आमच्या तडजोडीची नक्कल पाहिजे.

"कशाला?"

"वाचायला."

तिनं कपाट उघडलं. "आजपर्यंत कुणी मागितली नव्हती," म्हणाली. पण दिली. फी घेऊन, शिक्का मारून.

एसटीच्या थांब्यावर बसून वाचलं. मी आठवी शिकलेय. तसली मराठी मला पटकन कळत नाही, बोट ठेवून ठेवून वाचलं. तीन पानं. किती रक्कम, किती व्याज, कुठली तारीख. चार नंबर, लागोपाठ तीन हप्ते थकले तर तडजोड रद्द. सहा नंबर जामिनाचा. मग सात नंबर.

कर्जदाराने राहण्याचा पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांच्या आत संस्थेस कळवावे.

एवढंच.

मी पान उलटून बघितलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खर्चाचं काही नाही. कपड्यांचं नाही, माशाचं नाही, चांदीचं नाही. कॉटेजवरच्या ताटांचं नाही. माझ्या अंगाला कापरं भरलं. आधी वाटलं ताप आला. ताप नव्हता, संताप होता. आणि चेअरमनपेक्षा जास्त स्वतःचा. त्यानं तोंडानं एक वाक्य सांगितलं आणि बाकीचा सगळा तुरुंग आम्ही घरी बसून बांधला.

शेवटच्या पानावर खाली लिहिलं होतं, एक प्रत जामीनदारास मिळाली. समोर दादाची सही.

दादा बारावी झालाय. कंपनीत स्टोअरला आहे, दिवसभर कागदच वाचतो.

तिथूनच त्याच्या घरी गेले. अंगणात मांडवाचे बांबू सोडत होते. दादा ओटीवर चहा पीत होता. मी कागद त्याच्या मांडीवर टाकला.

"तुला म्हायती व्हतं?"

वहिनी उठून आत गेली. त्यावरूनच मी काय ते समजले.

"व्हतं," दादा म्हणाला.

"मग बोललास का न्हाय?"

"बोललो आस्तो तर तुमी ढिले पडला आस्ताव. दबून ऱ्हायलाव म्हनून हप्ता टायमावर गेला. न्हायतर माज्या घरावर आला आस्ता."

"आन पैंजण?"

"चारचौघांत काय बोलू? शेठनी मलाच धरला आस्ता." चहाचा कप खाली ठेवला. "पोर हाय ती. विसरंल."

"विसरनार न्हाय," मी म्हटलं. "मी तिला विसरू देनार न्हाय."

शनिवारी नागावला गेले. एकटी. मुंबईचे पाहुणे व्हरांड्यात नाश्त्याला बसले होते, चेअरमन त्यांच्याशी गप्पा मारत होता. बायको म्हणाली, "पोरगी कुठाय?" मी नक्कल टेबलावर ठेवली.

"शेठ, सात नंबर वाचा."

"तू शिकवणार मला?"

"वाचा."

पाहुणे खायचे थांबले. त्यानं आवाज खाली आणला. "तडजोड रद्द करायला मला एक मिनिट लागेल."

"लागोपाठ तीन हप्ते थकले तरच. चार नंबर. आमचा एक पन थकला न्हाय." मी चार नंबरावर बोट ठेवलं. "पैंजणांची पावती द्या. न्हायतर पैंजण द्या."

"सोमवारी ऑफिसात ये."

"मांडवात घेतलाव तवा सगळ्यांसमोर घेतलाव. आता हितंच द्या."

बायको आत गेली. पिशवीत गुंडाळलेले पैंजण आणले आणि माझ्या पायाशी फरशीवर टाकले. मी वाकून उचलले. मोरीत आदल्या दिवशीच्या ताटांचा ढीग पडला होता. तो तसाच ठेवून मी घरी आले.

हे ऐकून कुणाला वाटेल, बरं झालं, जिंकली. काही जिंकले नाही. नवरा दोन दिवस जेवला नाही. "काय केलंस गो," एवढंच म्हणत राहिला. एका बंगल्यात मी स्वयंपाकाला होते, तिथला मालक चेअरमनच्या उठण्याबसण्यातला, ते काम पुढच्या आठवड्यात गेलं. आता रेवदंड्याला बंदरावर मासळी निवडते. दादानं निरोप धाडला, भाच्याच्या पूजेला येऊ नकोस. मी जाणारच नव्हते. आता त्याच्या मयतालाही जाणार नाही.

आणि सानिका. तिला मी पैंजण दिले, सगळं सांगितलं, कागद दाखवला. तिनं वाचला, घडी घातली, परत दिला. पैंजण पायात घातले नाहीत. अजून माझ्याकडून वेणी घालून घेत नाही. फळीवरचा डबा घ्यायला मी हात वर केला तरी ती मान बाजूला घेते. माझ्या पोरीनं. मी तिला माफ कर म्हणत नाही. तोंडच नाही मला.

हप्ता मात्र पाच तारखेला मी स्वतः नेते. उभी राहत नाही, खुर्ची ओढून बसते. पावती पूर्ण वाचल्याशिवाय उठत नाही. मासा तळते, दार उघडं टाकून तळते. आमच्या आळीत हप्तेबंदीतली अजून घरं आहेत. कुणाला नऊ नंबरची अट आहे म्हणे, म्हणून घरातला पोरगा वाडीत नारळ सोलायला जातो. कुणाला अकरा नंबरची, म्हणून बाळंतिणीला माहेरी धाडत नाहीत. मी एकेकीच्या दारात जाऊन सांगते, पतसंस्थेत जा, नक्कल माग. दोघींनी माझ्या तोंडावर दार लावलं. मी परत गेले. परत जाणार.

परवा त्यातली एक म्हणाली, "तुला काय मिळालं गो याच्यातून?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "काम गेलं. दादा तुटला. पोरगी बोलत न्हाय. तरी तू नक्कल आन."