चैत्रातलं बोलावणं

त्या चैत्रात मी देवीशी बोलणं टाकलं होतं. रागाने म्हणा, कंटाळून म्हणा. आदल्या भाद्रपदात हे गेले. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा साकीनाक्याच्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागले होते, कुठे दोन घास सुखाने खायला लागलो होतो, तेवढ्यात तापाचं निमित्त झालं आणि माणूस हातातून गेला. मूलबाळ नव्हतं. घाटकोपरला डोंगराच्या अंगाला आमची चाळ, तिच्यातली एक खोली, शिवणाचं मशीन आणि मी, एवढाच संसार उरला. भेटायला आलेले म्हणायचे, देवाची इच्छा. मी मनात म्हणायची, असेल बाबा, मग त्याच्याशी माझं काय काम आता? संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावायची, कारण हात सवयीने तिकडे जायचा. पण तोंडातून शब्द काढत नव्हते.

तरी थंडी कशीबशी गेली. खरी परीक्षा चैत्र लागल्यावर सुरू झाली. आमच्या चाळीत चैत्रातल्या हळदीकुंकवाचं फार प्रस्थ. कुणाच्या घरची मूळची रीत असो नसो, चाळीत ती पडून गेली होती. महिनाभर रोज कुणाकडे तरी गौर मांडलेली, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. दुपार कलली की बायका नवी लुगडी नेसून गॅलरीतून एकीकडून दुसरीकडे चाललेल्या. माझ्या दारावरून त्यांची पावलं जायची आणि दारापाशी आली की त्यांचं बोलणं हळू व्हायचं. ते हळू होणं माझ्या जिवाला फार लागायचं. त्यात गंमत बघा, चाळीतले ब्लाउज शिवायची मीच. ओटीत आलेले खण दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच यायचे. कुणाकडे कसला खण दिला, कुणी हात आखडता घेतला, मला घरबसल्या सगळं ठाऊक. बोलावणं तेवढं नव्हतं.

बाकीच्यांचं मी सोसलं असतं, पण शालूचं सोसवेना. शालू आमच्या शेजारच्या दोन खोल्यांतली. मी लग्न होऊन चाळीत आले त्याच वर्षी तीही आली. आम्ही एकमेकींची भांडणं भांडलोय, एकीच्या तापात दुसरीने उशाशी बसून रात्री काढल्यात. ती तिच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दारात येऊन उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अगं, यंदा सासू गावाहून आलीय ना. तुला माहितीय जुनी माणसं. तू समजून घे." मी म्हटलं, "घेतलं." आणि मशीन चालवायला लागले. तिला वाटलं असेल, बरं झालं, सुटले. माझा धागा तीनदा तुटला.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी घरात थांबणंच सोडलं. जायचं कुठे, हा प्रश्न. नातेवाईक सगळे मालवणकडे, आणि इथे कुणाच्या घरी जाणार, चैत्र काय आमच्याच चाळीत असतो? म्हणून बस पकडायची आणि पवईला तळ्यापाशी उतरायचं. आमचं लग्न नवं होतं तेव्हा हे रविवारी मला तिकडे न्यायचे. तेव्हा तिकडे होतं काय, तळं, ताडाची झाडं, उघडे डोंगर आणि इंजिनिअरिंग कॉलेजची लांबच लांब भिंत. मी एका टोकाला उतरायची आणि काठाकाठाने चालत राहायची. पाय दुखले की दगडावर बसायचं, परत चालायचं. ऊन उतरलं, चाळीतल्या बायका आपापल्या चुलीपाशी गेल्या असतील असं वाटलं की परतीची बस.

आणि चैत्र तर काय रंगात आलेला. करंजांना कोवळी पोपटी पानं फुटलेली, कुसुमाचं झाड लांबून पाहावं तर सगळं तांबडं, जवळ गेल्यावर कळायचं की फुलं नव्हेत, पालवीच आहे ती. उतारावर पांगारा पेटलेला. एक तांबट पक्षी कुठे तरी आत बसून भांडी ठोकल्यासारखा टुक टुक करायचा, थकायचाच नाही मेला. पाण्यावर कमळाची पानं पसरलेली आणि त्यांच्यावरून लांब बोटांचे पक्षी चालायचे. असं सगळं बघून माणसाचं मन हलकं होतं म्हणतात. माझं व्हायचं नाही. मला वाटायचं, झाडांना झालंय काय एवढं? जरा थांबावं, जरा सुतक पाळावं यांनी. कुणाला म्हणावं, ते बघ, तो पांगारा बघ, तर शेजारी कुणी नाही. सुंदर गोष्ट एकट्याने बघणं फार वाईट, हे मला तेव्हा कळलं.

वाटेत काठावर देवीचं एक छोटं देऊळ होतं. वर कौलं, आत शेंदराची मूर्ती, बाहेर चाफा. ह्यांच्याबरोबर यायची तेव्हा तिला हात जोडल्याशिवाय पुढे जात नसे. आता मी तिथे आले की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. मान वळवून पाहायचीही नाही. जणू तिलाच दाखवायचं होतं, की बघ, तुला माझी गरज नाही ना, मलाही तुझी नाही. रस्त्यावरच्या कुणा बाईने पाहिलं असतं तर म्हणाली असती, हिचं कुणाशी बिनसलंय.

एक दिवस तशीच पलीकडून चालले होते, तर चाफ्याखालून हाक आली, "ओ बाय, जरा इकडे या." पाहिलं तर माझ्याच वयाची एक बाई. विटकं हिरवं लुगडं, कपाळाला ठळक कुंकू. देवळापासून चांगली लांब उभी होती आणि तिच्यापुढे एका दगडावर कापडी पिशवी ठेवलेली. मला वाटलं, पिशवी उचलून द्यायला बोलावते आहे. गेले. तर म्हणाली, "आत जाऊन देवीची ओटी भराल काय?"

मी विचारलं, "तुम्हीच का नाही भरत?"

ती म्हणाली, तिचं माहेर तळ्याजवळचं, मुलीचं बाळंतपण अवघड होतं तेव्हा ती देवीला नवस बोलली होती, दोघं सुखरूप राहू देत, येत्या चैत्रात तुझी ओटी भरीन. दोघं सुखरूप राहिली. काल तिने सगळं सामान पिशवीत भरून ठेवलं आणि आज सकाळी गावाहून दिराच्या मृत्यूचा निरोप आला. सुतक लागलं. "सुतक फिटेपर्यंत चैत्र सरतो," ती म्हणाली. "शब्द चैत्राचा दिलाय. सामान सुतकाच्या आधीचं आहे, आत हात घातलेला नाही मी. सकाळपासून उभी आहे, एक बाई फिरकली नाही इथे."

मी म्हटलं, "मी विधवा आहे." असं तोंडाने मी पहिल्यांदाच म्हटलं असेन.

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ते दिसतंय मला. पण तुम्हाला सुतक आहे काय?"

"नाही."

"मग तुम्हाला चालतंय की आत जायला. मला आज चालत नाही." आणि मग जरा वैतागूनच म्हणाली, "अहो, तिला खण-नारळ पाहिजे. कुणाच्या हातचा ते ती बघेल. तुम्ही कशाला बघताय?"

मी पिशवी उचलली आणि आत गेले. देऊळ गार होतं. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेना, मग हळूहळू तिचे डोळे दिसले. पिशवीत सगळं नीट होतं, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण, हळदीकुंकवाच्या पुड्या. मी तिला हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली. माझे हात काहीच विसरले नव्हते. आणि कुंकू लावता लावता एकदम रडू फुटलं. ह्यांना नेलं तेव्हा रडले होते, पण ते लोकांच्या गराड्यात. हे रडणं वेगळं होतं. मी बोलणं टाकलेल्या देवीपुढे मी मोठ्याने बोलत होते. म्हणत होते, मला कुणी बोलवत नाही गं. घरात, दारात, कुठेच कुणी बोलवत नाही. आणि म्हणता म्हणता जीभ थांबली. आता, ह्या घटकेला, मी आत कशी आले होते? हाक मारून बोलावलं म्हणूनच ना?

डोळे पुसून बाहेर आले तर चाफ्याखाली कुणी नव्हतं. रस्त्याच्या वळणावर एक बस जाताना दिसली, तिच्यात ती चढली असेल. प्रसाद घ्यायलाही थांबली नाही, सुतकात घेता येत नसेल. कुणी म्हणेल, ती बाई म्हणजेच देवी होती. मला तसं म्हणायचं नाही. ती दिराच्या मृत्यूने आणि नवसाच्या शब्दाने अडचणीत आलेली एक बाई होती, एवढंच मला माहीत आहे. पण त्या दिवशी त्या रस्त्याने दुसरं कुणी आलं नव्हतं हेही तेवढंच खरं.

बसमध्ये बसल्यावर मनाशी ठरवलं. येत्या शुक्रवारी मी हळदीकुंकू करणार. कुणी बोलवत नाही ना, मग मी बोलवीन. दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दारोदार गेले. म्हटलं, शुक्रवारी माझ्याकडे गौर मांडतेय, सगळ्यांनी या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, अय्या, तुमच्याकडे? एकीला एकदम चुलीवरचं दूध आठवलं. शालू दारात नजर खाली घालून म्हणाली, "बघते गं." आतल्या अंधारात तिची सासू भिंतीला टेकून बसलेली दिसली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या लेखी माझी मैत्रीण तोडणारी तीच होती.

शुक्रवारी मी गौर मांडली. कैरी किसून डाळ केली, माठातलं पाणी घालून पन्हं केलं, हरभरे भिजवले, दारात रांगोळीने चैत्रांगण काढलं. दार सताड उघडं ठेवून बसले. पावलं यायची आणि पुढे जायची. कुणी तरी रांगोळीला वळसा घालून गेलं. ऊन गॅलरीतून सरकत कठड्यावर गेलं तरी माझ्या घराचा उंबरा कुणी ओलांडला नाही. सुरुवातीला राग आला, मग लाज वाटली, आणि मग तीही गेली. मी गौरीला म्हटलं, "बाई, मी बोलावलं. माझं काम झालं. येणारं कोण ते तुझं तू बघ. कुणी नाही आलं तर तू आणि मी खाऊ." असं म्हटल्यावर इतकं शांत वाटलं की भिंतीला टेकून डोळेच मिटले.

काठी टेकल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर रांगोळीपलीकडे शालूची सासू उभी. धुतलेलं पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. आत पाऊल न टाकता म्हणाली, "परवा तू सगळ्यांनी येवा म्हटलंस. तेच्यात मी धरून काय गो?"

मी पाट पुढे सरकवला. ती आत आली, काठी भिंतीला लावली आणि पाटावर बसली. खोलीभर नजर फिरवली, गौरीला हात जोडले. म्हणाली, "घोव गेलो तेव्हा मी तुज्यापेक्षा ल्हान होतंय. तेव्हापासून माका कोणी हळदीकुंकवाक बोलावल्यानी नाय. शालूकडे होता तेव्हा मी मागच्या खोलीत होतंय. दार लावून."

म्हणजे ती अडवणारी नव्हती. ती माझ्यासारखीच, नवरा गेल्यापासून दाराआड बसलेली होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं. मी तिच्यापुढे बसले आणि विचारलं, "आजी, लावू?" तिने डोळे मिटून कपाळ वर केलं. मी त्या सुरकुत्यांत कुंकू टेकवलं. मी हरभऱ्यांनी तिची ओटी भरली. तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग करंड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि तुज्या कपाळाचा काय?" आणि मी काही म्हणायच्या आत तिने कुंकवात बोट बुडवून मला लावलं.

शालू सासूला शोधत आली आणि उंबऱ्यातच खिळली. आमच्या दोघींच्या कपाळांकडे आळीपाळीने बघत राहिली. माझ्या मनात आलं, आता हिला दारातूनच परत पाठवावं, कळू दे कसं वाटतं ते. म्हातारीने दम दिला, "भायर कित्याक उभी? ये भुतूर." शालूने चपला काढल्या, माझ्यासमोर बसली, रडत रडत कपाळ पुढे केलं. कुंकवात बुडवलेलं माझं बोट हवेत थांबलं. थांबलं, खोटं सांगणार नाही. मग मी गौरीला म्हटलं, येणारं कोण ते तू बघशील असं मीच म्हटलं होतं ना, मग आता निवड मी का करू? आणि शालूला कुंकू लावलं.

देवी, तुझे उपकार मानायला मला फार उशीर झाला. मी कुणी तरी बोलवावं म्हणून रडत होते. तू मला हाक मारलीस ती दुसऱ्या कुणाची ओटी भरायला, आणि घरी पाठवलंस ते दार उघडायला. कुणी यावं, कधी यावं, कुठल्या हाताने माझं कपाळ भरावं, हे सगळं मी तुझ्यावर टाकलं तेव्हाच ते झालं. त्या संध्याकाळी आम्ही तिघी डाळ खात बसलो होतो. म्हातारीने दोनदा मागून घेतली, आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना म्हणाली, "पुढच्या चैत्रात माका आदी सांगून ठेव."