कोरड्या तलावावरचं इंजिन

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा सामानाचीही वाटणी झाली. खुर्च्या-कपाटांबरोबर पुरात माणसं काढायची एक मोटारबोट नव्या जिल्ह्याच्या पदरात पडली आणि मुरुडच्या पलीकडच्या एका तलावावर येऊन बसली. ती चालवायला निवृत्ती आला, रोजंदारीवर. पुढच्या तीन वर्षांत पूर तर सोडाच, तलावाच्या तळाला भेगा पडल्या. शेजारची वाडी जनावरांसकट पोटामागं निघून गेली. त्याच उन्हाळ्यात निवृत्तीची बायको सिंधू तापानं गेली. मागं राहिला तो आणि बोटीच्या पाठीला अडकवायचं ते इंजिन.

मुरुडच्या बाजारात लोक टोचायचे, "काय निवृत्ती, बोट चालतीया का?"

"व्हय, चालतीया की, ढेकळावर," असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. तलावावर मात्र दिवस दिवस कुणाशी बोलणं नसायचं.

इंजिन बंद ठेवलं तर आतलं रबर आखडतं, म्हणून दर रविवारी तो ते पाण्याच्या पिंपात उभं करून चालवी. इंजिनाच्या पायाशी बारीक जाळी असते. आतलं रबरी चक्र तिथून पाणी ओढतं, ते नळीनं वर चढतं, तापलेल्या भागाभोवती फिरतं आणि उष्णता घेऊन धुरासंगं खाली निघून जातं. त्यातलीच बोटभर धार मागच्या छिद्रातून बाहेर उडते. धार दिसली तर इंजिन पाणी पितंय. नाही दिसली तर तत्काळ बंद करायचं, नाहीतर जळून खाक. निवृत्तीला हे एवढं एक शास्त्र येत होतं, पण ते पक्कं येत होतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी लातूरचे साहेब तपासणीला येणार, असा कागद आला. इंजिन चाललं तर बोट राहणार, निवृत्तीही राहणार. नाही तर दोघांचीही उचलबांगडी. तलावाच्या तळात खणलेल्या झिऱ्यातून घागर घागर आणून त्यानं आठ दिवसांत पिंप भरलं. मधेच खंडेनवमी आली. इंजिनाची पूजा दरवर्षी सिंधू करायची, कुंकवाचं एक बोट लावून. यंदा निवृत्तीनं स्वतः केली. हळद कालवली, कुंकू कालवलं आणि इंजिनाला वरपासून खालपर्यंत भरभरून माखलं. एकट्या माणसाच्या हाताला माप राहत नाही.

साहेब जीपमधून आले, सोबत कारकून. निवृत्तीनं दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन गरजलं. साहेबांचा चेहरा खुलला. पण धार येईना. निवृत्तीनं दहापर्यंत मोजलं आणि इंजिन बंद केलं.

"अहो, चालू होतं की! बंद कशाला केलं?"

"पानी न्हाई आलं साहेब. जळंल ते."

साहेबांनी खांदे उडवले. कारकुनानं 'नादुरुस्त' असं लिहून घेतलं आणि जीप धुरळा उडवत गेली. निवृत्तीनं छिद्राशी डोळा नेला, तर आत हळदी-कुंकवाचं वाळलेलं बूच! केरसुणीची काडी घातली, दोरी ओढली आणि लख्ख धार उडाली. त्याला आनंद झाला आणि रडूही आलं.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तो लातूरला गेला. साहेबांपुढं हात जोडून सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा लपवली नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अहवाल आजच वर जातोय, पुन्हा येणं जमणार नाही; पण इथंच दुसरा पंचनामा करू. धार आलेली ज्यांनी पाहिली अशा दोघांच्या सह्या लागतील. नावं सांगा."

कारकुनानं पेन उघडलं.

"कुनी न्हाई बघितलं साहेब," निवृत्ती म्हणाला. "तिथं म्या एकलाच हाय."