रागाचा तांब्या

भांडणांची एवढी बडदास्त ठेवणारा माणूस आमच्या हेडमास्तरांखेरीज अख्ख्या लातूर जिल्ह्यात झाला नसेल. जिल्हा तेव्हा जुन्यातून फुटून नवाकोरा झाला होता आणि मुरुडजवळच्या आमच्या शाळेतला नकाशा जुनाच. त्यावर नवी हद्द गुरुजींनी स्वतः लाल शाईनं ओढली होती. दोन पोरं झिंज्या धरून लोळायला लागली की दुसरा मास्तर छडी शोधेल, हे मात्र खुर्ची उचलून जवळ जाऊन बसत आणि चष्मा पुसत विचारत, "राग कुठं आलाय रे? पोटात का डोस्क्यात?" कुणी असं निवांत बघत बसलं की भांडणातली मजाच जाते. शिक्षा एकच. ज्याला राग आलाय त्यानं माठातून तांब्या भरायचा आणि ज्याच्यावर राग आहे त्याला आपल्या हातानं पाणी पाजायचं. "राग दाबू नगा लेकरंहो. पर ज्याच्यावर रागावलाव त्याला बी तहान लागती, हे इसरू नगा."

हा कायदा त्यांना स्वतःलाही लागू होता. एका पोरानं त्या नकाशावर दौत सांडली तेव्हा लालबुंद झालेले गुरुजी तांब्या भरून त्याच्यापुढं उभे राहिले. पोरगं भीतीनं पीतच गेलं. दुसऱ्या तांब्याला गुरुजींचा राग उतरला आणि पोराचं पोट टम्म फुगलं. त्या वर्षी दुष्काळ होता; एवढं पाणी गावात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

मी बौद्धवाड्यातली. आम्हाला शाळेत गावातली मुलं वरून पाणी ओतत, आम्ही ओंजळीत झेलत असू. गुरुजींना ते फार खुपे, पण गावापुढं त्यांचं काही चालत नसे. आम्ही गावातल्या कुणावर रागवतही नसू; तशी सोयच नव्हती.

उन्हं तापायला लागली तेव्हा टँकरच्या रांगेत सुनंदाच्या वडिलांनी माझी घागर उचलून पार मागं ठेवली. सुनंदा माझी जिवाची मैत्रीण. ती खाली मान घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारची जागा सोडली.

गुरुजींनी ओळखलं. "सुनंदाचा राग आलाय तुला?"

"हाव."

"लई?"

"लई."

"मंग ऊठ. तांब्या घे."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या माठात तांब्या बुडवला. सुनंदानं ओंजळ धरली. अर्धं पाणी फरशीवर सांडलं. उरलेलं ती प्याली आणि रडायला लागली, मग मीही.

शाळा सुटताना तिचे वडील तणतणत आले. "गुरुजी, माझ्या पोरीचं नाव शाळंतनं काढा! हिच्या हातचं पानी पाजलं तुमी तिला!"

"शाळंची शिक्षा हाय ती, अण्णा. तुमाला माझा राग आलाय न्हवं?" गुरुजींनी तोच तांब्या भरून पुढं केला. "मंग पाजा मला."

अण्णांनी रागाच्या भरात तांब्या हिसकावला आणि ओतला. गुरुजी ओंजळीनं सावकाश प्याले. "अजून हाय का राग?" अण्णा तांब्या ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सुनंदा माझ्या शेजारी येऊन बसली. मी त्या माठातून पाणी घेतच राहिले, आधी शिक्षा म्हणून आणि मग नुसती तहान लागली म्हणून.

पुढं जिल्ह्यापाठोपाठ मास्तरही वाटले गेले आणि गुरुजी जुन्या जिल्ह्याच्या वाट्याला गेले. ते निघाले त्या दिवशी मी तांब्या भरून एसटीच्या थांब्यावर गेले. "गुरुजी, मला राग आलाय," एवढंच बोलता आलं. त्यांनी खिडकीतून ओंजळ काढली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी ते पीतच होते.

रिकामा तांब्या घेऊन मी शाळेपर्यंत चालत आले. राग काही उतरला नव्हता.