गेटपर्यंत बसतो

माझी बदली औरंगाबादच्या छावणीत झाली तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. शहराचं नाव तेव्हा हेच होतं आणि मोबाईल यायचे होते. मी नायक पवार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, गाव जालन्याकडचं. घराजवळ पोस्टिंग मिळाली म्हणून बायको खूष होती. मीही होतो, खोटं कशाला बोलू!

पहाटे पीटी, मग परेड, मग दिवसभर वर्कशॉपची शेड. आमची एक तुकडी जायकवाडीला होती. धरणाचा तळ उघडा पडला होता. तिथं उरलेलं पाणी उपसून आसपासच्या गावांना टँकरनं द्यायचं काम त्या तुकडीकडं होतं. इकडं चिकलठाण्याला रोज नवा कारखाना, नवी कॉलनी उभी राहात होती आणि तिकडं बाया हंड्यांची रांग लावून उन्हात बसायच्या. छावणीतून धरणावर डाक न्यायला डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटारसायकलवर जायचा. आमचा डीआर सिपाही धनाजी. पैठणजवळच्या वाडीतला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. घरात फौजेत आलेला पहिलाच.

शेडमध्ये आमचा एक कायदा होता. कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता, पण कमांडिंग ऑफिसरही तो मोडत नसत. दुरुस्त झालेली गाडी जो मेकॅनिक पास करील, तो तिच्या पहिल्या फेरीला गाडीत बसणार. मोटारसायकल असेल तर रायडरच्या मागं. एवढ्या एका कायद्यानं नट ढिला राहात नसे. आपलंच बूड सीटवर असलं की माणूस पाना दोनदा फिरवतो.

त्या साली युनिटला दोन नव्या मोटारसायकली मिळाल्या, एकाच खेपेच्या. महिन्याच्या आत दोन्हींचं चार्जिंग बसलं. आता चार्जिंग म्हणजे काय? इंजिन फिरतं, आतली कॉइल वीज तयार करते, ती बॅटरीत भरते. बॅटरी दिवे जाळते आणि प्लगला ठिणगीही तीच देते. कॉइल मेली की गाडी बॅटरीतल्या शिलकीवर चालते. शिल्लक संपली की दिवा आणि इंजिन दोन्ही गेले. आमच्या कॉइलींची खोड अशी, की गार असताना मीटरवर सगळं ठाकठीक दिसायचं आणि दहा-पंधरा मैल जाऊन तापल्या की वीज बंद.

"उस्ताद, ही शेरडी आटली," धनाजी यायचा तो हेच सांगत. "सकाळी देती, दुपारी लाथ मारती."

मी एका दिवसात कॉइल बदलली असती. पण गाड्या वॉरंटीत. इंजिनला कंपनीचं सील. सील तोडलं की वॉरंटी गेली आणि तोडणारा नायक पवार क्वार्टरगार्डच्या कोठडीत. म्हणून गाड्या शहरातल्या डीलरकडं पाठवायच्या. डीलरचं नाव घेत नाही, माझं तोंड विटाळायचं नाही.

त्याच्या वर्कशॉप फोरमनचं मात्र सांगतो. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, काउंटरवर सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. तोंडात साखर. वरून कीर्तन आणि आतून तमाशा. दोनदा गाड्या नेल्या, दोनदा तशाच परत केल्या. तिसऱ्यांदा मी सांगितलं, "कॉइल बदला. बाकी काही नको."

"कंपनीकडनं मागवल्यात ना, फौजीसाहेब. देशाची सेवा करता तुम्ही, तुमचं काम आधी!"

आठवड्यानं गाड्या आल्या. "कॉइल बदलल्या, हंड्रेड परसेंट ओके." मी मीटर लावला. बरोबर दाखवत होता. गार होत्या ना!

त्याच संध्याकाळी धरणावर तातडीचा कागद न्यायचा हुकूम आला. धनाजीनं त्यातली एक गाडी काढली. मागं कोण बसणार? पास आम्ही केली नव्हती, डीलरनं केली होती. आमच्या कायद्यात डीलरची सोयच नव्हती.

"फोरमनला बांधून नेऊ का मागं?" धनाजी म्हणाला. आम्ही सगळे हसलो. साडेसहाला तो गेटबाहेर पडला. हेडलाईट लावलेला होता. डीआरनं दिवसासुद्धा हेडलाईट लावूनच जायचं, हा युनिटचा हुकूम.

आठच्या पुढं रेडिओ बोलला.

"छावणी, छावणी, धरण बोल रहा है. डीआर पहुँचा नहीं. ओव्हर."

"धरण, यहाँ से साढ़े छह को निकला है. ओव्हर."

"नहीं पहुँचा. ओव्हर."

आम्ही जीप काढली. बिडकीनच्या पुढं रस्त्यावर माणसं उभी होती. दिवा गेला, इंजिन गेलं, म्हणून धनाजी गाडी ढकलत कडेला नेत होता. मागून एक खाजगी पाण्याचा टँकर आला. मोटारसायकलचा टेललाईट मेलेला, धनाजीच्या अंगावर हिरवा गणवेश, तिन्हीसांजेची वेळ. ड्रायव्हर रस्त्यात बसून रडत होता. "दिसलाच नाय हो, साहेब." टँकरची तोटी तुटून पाणी रस्त्यानं वाहात होतं. त्या दुष्काळात, गावातली शंभर माणसं भोवती असताना, कुणी त्यातलं तांब्याभर पाणी भरलं नाही. धनाजी जागीच गेला होता. गाडीची किल्ली चालूवर होती. हेडलाईटचं बटणही चालूवर होतं. मी हात लावून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी शेडमध्येच टेबल मांडून कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. आणि तेव्हापासून मला जी शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही. डीलरनं लेखी कळवलं होतं: गाडी निर्दोष, रायडरनं दिवा न लावता निष्काळजीपणे रस्त्यात थांबवली. आमच्याच सुभेदारसाहेबांनाही ते सोयीचं वाटलं. "पवार, फाइल बंद होऊ दे. गेला तो गेला." वा रे वा! मेलेला बोलत नाही, ढकला त्याच्यावर. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपले कमी, म्हणून बाहेरचेही बोलवायचे.

धनाजीचा बाप शेडबाहेर लिंबाखाली बसून होता. पोराची ट्रंक न्यायला आलेला. मला बघून उठला.

"साहेब, वाडीत लोकं म्हणत्यात, पोरगं बिनदिव्याचं हिंडत व्हतं. खरं हाय का? त्यो मेंढरं वळताना मागचं लंगडं कोकरू आल्याबिगर पाऊल उचलत नव्हता. माझं पोरगं गेलं. त्याच्या नावावर हे नगं."

माझ्या हातात फक्त साक्ष होती. मी नायक. साक्षीत सांगितलं, किल्ली चालू होती, बटण चालू होतं. फोरमन हसला. "अपघातात बटण दाबलं जातं, साहेब. आणि फौजी लोक रफ चालवतात, राग मानू नका. आम्ही कॉइल नवीन टाकली होती." रंगीत रुमालानं त्यानं मान पुसली. धनाजीची राख अजून गार व्हायची होती आणि हा माणूस चोराच्या उलट्या बोंबा मारत होता. माझी मूठ वळली. मांड्यांना चिकटवून ठेवलेले हात तसेच ठेवले, सावधानमध्ये होतो.

इन्क्वायरीला मेजरसाहेब बसले होते. कमी बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, "दूसरी मशीन भी आपने ही पास की?"

"व्हय साहेब. जी. हंड्रेड परसेंट."

"नई कॉइल?"

"नई, सर."

"ठीक है. पवार, मशीन निकालो. पैठण तक जाएगी. आप पीछे बैठिए. हमारा कायदा है, जो पास करे वो बैठे."

फोरमन हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, बीपी आहे.

"बिडकीन तक."

म्हणाला, घरी सत्यनारायण आहे, उशीर होईल, अंधार पडेल.

"अंधेरे से क्या डर? लाइट है ना?"

फोरमन गाडीकडं बघत होता.

"साहेब, गेटपर्यंत बसतो."

"क्यों? गेट के बाद क्या होगा?"

मेजरसाहेबांनी आवाज चढवला नाही. फोरमनला दरदरून घाम फुटला. मग एकेक निघालं. कॉइल कंपनीकडून आल्या होत्या. पण शोरूममध्ये दोन गिऱ्हाइकं आरडाओरडा करत होती, त्यांच्या गाड्यांत त्या घातल्या. आमच्या जुन्याच बॅटऱ्या रात्रभर चार्जरवर लावून परत बसवल्या, मीटरला दाखवायला. "फौजेच्या गाड्या छावणीतच फिरतात, असं वाटलं, साहेब. पुढच्या खेपेला घालणारच होतो."

वाटलं! थू तुझ्या जिंदगानीवर.

मेजरसाहेब उठले आणि स्वतः लिंबाखाली गेले. टोपी काढून म्हणाले, "बाबा, आपके बेटे की कोई गलती नहीं थी. यही लिखा जाएगा."

"मला ठावंच व्हतं," म्हातारा म्हणाला. "तुमास्नी कळायला पायजे व्हतं."

चार दिवसांनी डीलरचा माणूस दोन नव्या कॉइल घेऊन आला. सोबत पेढ्यांचा पुडा. पेढे! मी तो पुडा तसाच गेटबाहेर गटारीत टाकला. सुभेदारसाहेब पाठ फिरवून आत गेले. सील तोडायचा हुकूम मेजरसाहेबांनीच दिला. कॉइल मी माझ्या हातानं बसवली. धनाजीच्या गाडीसाठी आलेली दुसरी कॉइल स्टोअरमध्ये पडून राहिली. ती लावायला गाडीच नव्हती.

पेन्शनला येऊन मी चिकलठाण्याला छोटं गॅरेज टाकलं. बारीकसं दुकान, बोर्डही धड नाही. आजही चार्जिंगचं काम झालं की गिऱ्हाइकाला म्हणतो, तुम्ही चालवा, मी मागं बसतो. पोरं हसतात, "काका, तुम्हाला फिरायचंय काय?" हसू देत. तो फोरमन पुढं काचेच्या मोठ्या शोरूमचा मॅनेजर झाला. एकदा लग्नात भेटला, "कसं काय, फौजीसाहेब?" म्हणून हात पुढं केला. मी पंगतीतून उठून घरी आलो.

पण त्या कॉइलीच्या पहिल्या फेरीचं सांगायचं राहिलं. नवा डीआर चालवत होता, मी मागं. बाप त्या दिवशी न नेताच गेला होता ती धनाजीची ट्रंक त्याच्या वाडीवर जीपनं जात होती, आम्ही पुढं. बिडकीन सोडलं, दिवस मावळला. ती जागा आली तशी मी पोराला थांबायला सांगितलं. उतरलो. इंजिन चालूच ठेवलं. हेडलाईट लखलखीत होता, जरासुद्धा पिवळा पडला नव्हता. टेललाईट लाल. मी गाडीच्या मागं, जिथं तो ढकलत होता तिथं, उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.

"धनाजी," मी म्हणालो, "शेरडी दूध द्यायला लागली रे."

मग मागच्या सीटवर जाऊन बसलो.