पासिंगचा संच

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून नव्हता की दरोडा नव्हता. एका तालुक्याच्या गावी वाहन परवान्याच्या परीक्षेचा कॅम्प होता. चढावर थांबवलेली मोटार मागे घसरली आणि मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा पाय मोडला. गाडी चालवत होत्या खेड्यातल्या एक बाई. त्यांच्या गावच्या मुलींना हायस्कूलला नेण्या-आणण्यासाठी गाडी सुरू व्हायची होती आणि चालक बाईच हवी, अशी पालकांची अट होती. परवाना मिळाला की नोकरी पक्की. तो राहिला बाजूला, निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा मात्र त्यांच्यावर दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला.

जबाबात बाई एकच सांगत होत्या. "हँडब्रेक मी वढला व्हता सायेब. पार वर आला, पन गाडी थांबलीच नाय."

गाडी मोटार ट्रेनिंग स्कूलची. परीक्षेला आणलेली गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची असलीच पाहिजे, असा नियम. तशी तपासणी होते, तिला सगळे पासिंग म्हणतात. मालकाने पासिंगचा कागद माझ्या नाकासमोर धरला. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनी ठाण्याच्या आवारात गाडी पाहिली. टायर नवे, हँडब्रेक कडक, वायपरसुद्धा चालू. यांत्रिक दोष नाही, असा अहवाल आला.

मग मी बाईंना शहाणपण शिकवायला बसलो. "ताई, घाबरल्यावर होतं असं. चूक झाली म्हणून लिहून द्या, लवकर मोकळ्या व्हाल."

"वढलेला ब्रेक वढला नाय, आसं कसं लिहू?"

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. मी वैतागून फाईल मिटली.

चौथ्या दिवशी सटाण्याकडचे एक गृहस्थ ठाण्यात आले. त्यांचंही ट्रेनिंग स्कूल होतं. ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालून ते थेट माझ्या टेबलापाशी.

"सायेब, गाडी ठेवा तुमच्याकडे महिनाभर. टायर तेवढे काढी द्या. आन हँडब्रेकची केबल. सोमवारी मनी गाडीनी पासिंग शे."

"पासिंग तुमच्या गाडीची, मग तुमचे टायर त्या गाडीला कसे?"

"आमचा चौघांचा संच शे ना!" जणू मीच अडाणी.

मी कपाळावर हात मारून घेतला. चार स्कूलवाल्यांनी मिळून चांगल्या वस्तूंचा एकच संच ठेवला होता. ज्याची पासिंग, त्याच्या गाडीला तो चढायचा, लग्नाला शेजारणीची पैठणी नेसावी तसा. पासिंग झाली की उतरवून पुढच्याकडे. लोक शिकायचे आणि परीक्षा द्यायचे ते गुळगुळीत टायरांवर आणि सैल ब्रेकवर.

मालकाला बोलावलं. आधी त्याने कानांवर हात ठेवले. सटाण्याचे गृहस्थ शेजारी आणून बसवले, तेव्हा पोपटासारखा बोलू लागला. अपघाताच्या दिवशी दुपारी त्याने गाडी नेली, संच चढवला आणि संध्याकाळी ठाण्यात आणून लावली. तुटलेली जुनी केबल त्याच्या गॅरेजात पंचांसमक्ष जप्त केली.

"सगळेच करत्यात साहेब. शेजारधर्म हाय," वर हे ऐकवलं. एक माणूस पाय बांधून दवाखान्यात पडलेला, आणि याला शेजारधर्म सुचतो!

पण त्याला गाडी नेऊ दिली कुणी? मीच. अपघाताच्या जागी जखमीला हलवायच्या गडबडीत मालक म्हणाला, "संध्याकाळी मीच आणून लावतो," आणि मी मान डोलावली. नवख्या शिपायानेही केली नसती अशी चूक. मला मालकापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

मालकावर नादुरुस्त गाडी परीक्षेला दिल्याचा आणि वर पुरावा नष्ट केल्याचाही गुन्हा लागला आणि बाईंचं नाव वगळण्याचा अहवाल गेला. तेव्हापासून कुठलीही वस्तू तपासायला घेण्याआधी, मधल्या वेळात ती कुणाच्या हातात होती, हे मी विचारू लागलो. आणि माणूस तीनदा तेच सांगत असेल, तर फाईल मिटायची नाही, हेही शिकलो.

बाई सहीला आल्या. "सुटलात ताई," मी म्हणालो.

त्यांनी सही केली, पेन जागेवर ठेवलं. "सायेब, त्यो टायर मागाय आला नसता, तर तुमी माझं आयकलं आसतं का?"

थाप मारणं सोपं होतं. पण या बाईंपुढे जीभ रेटेना. "नाही," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरायला निघून गेल्या.