सासूबाईंची सवत

सासूबाईंना सवत आहे हे मला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं. ती आमच्या दोंडाईच्यात राहत नाही. तिकडे दूर वाळवंटाच्या कडेला राहते, आणि ती बाई नाही, हवाई दलाचा तळ आहे. माझे सासरे झुलाल नाना तिथे नोकरीला होते. बदली कुठेही होवो, फिरून फिरून ते त्याच तळावर जायचे आणि त्याला ‘आपला तळ’ म्हणायचे. त्या ‘आपला’वर सुनंदाबाईंचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, विशेष राग.

मी बोदवडची. आमच्याकडे बाया सरळ भांडतात. सासूबाई भांडत नाहीत, भांडी आपटतात. नाना ओसरीवर कुणाला तळाचा इतिहास सांगायला बसले की आतून आवाज सुरू. इंग्रजांच्या काळात तिथे नुसती धुळीची धावपट्टी होती. पासष्टच्या लढाईत तिच्यावर बॉम्ब पडले, तर गावकऱ्यांनी टोपल्या वाहून खड्डे बुजवले. एकाहत्तरला तिथूनच विमानं उडाली. सरहद्दीवर नजर ठेवायची, कुठे पूर आला की हेलिकॉप्टरं धाडायची, हेही तळाचंच काम. या सगळ्या तारखा नानांना तोंडपाठ. लग्नाची तारीख विचारली तर मात्र ते सासूबाईंकडे बघतात. तिथे एक पातेलं हमखास पडतं.

खरं सांगते, मला त्यांचा राग पटायचा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली सासू, गोठा आणि कपाशी त्यांच्याच गळ्यात. नवरा उन्हाळ्यात पाहुण्यासारखा यायचा. तळ काही त्यांनी कधी पाहिला नाही. श्रावणात पंधरा ऑगस्टच्या बंदोबस्तामुळे नानांना रजा नसायची, आणि श्रावणातच आमच्या खानदेशातल्या देवीचा, कानबाईचा, सण. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. ते रोट भाऊबंदांबाहेर द्यायचे नाहीत आणि उरूही द्यायचे नाहीत. नानांच्या नावाचे गहू सासूबाई दरवर्षी काढायच्या आणि त्यांच्या वाटचे रोट स्वतः खायच्या. पोट भरलेलं असलं तरी खायच्या.

गेल्या हिवाळ्यात नाना निवृत्त होऊन घरी आले. सासूबाईंनी आषाढातच गहू निवडून ठेवले. तेवढ्यात तळाच्या अमृतमहोत्सवाचं बोलावणं आलं, तेही नेमकं रोटांच्या रविवारचं. नानांनी लगेच जुने बूट चमकवायला घेतले. त्या दिवशी एकही भांडं आपटलं नाही. सासूबाई ओसरीवर येऊन त्या बुटांपाशी उभ्या राहिल्या.

“तिले बठ्ठा श्रावण दिधात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “हाऊ एक मना शे.”

आजवरचे सगळे श्रावण तळाला गेले, हा एक सासूबाईंचा. नाना राहिले, पण तोंड फुगवून. रविवारी सकाळपासून मोबाइलवर तळावरचे फोटो बघत बसले. जुने सोबती, ओळीने उभी विमानं, हारतुरे. सासूबाई जिंकल्या होत्या आणि तरीही जळत होत्या, कारण माणूस घरात होता आणि जीव तिकडे. स्वतःचे हात पुरणात होते, म्हणून कानबाईला नेसवायचं नवं पातळ त्यांनी माझ्याकडून नानांपुढे ठेववलं. बसल्या बसल्या निऱ्या तरी घाला, असा निरोप दिला.

आता नानांचं तळावरचं काम सांगते. लढाऊ विमान उतरताना त्याचा वेग आवरावा म्हणून शेपटीतून एक पॅराशूट उघडतं. ते गोळा करून वाळवायचं, तपासायचं आणि घडी करून पुन्हा भरायचं. नानांनी जन्मभर हेच केलं. पातळ पुढ्यात येताच त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि हात धुऊन आले. पातळ देवघराच्या फरशीवर पसरलं. एकेक सुरकुती तळहाताने हळूच सारली. मग त्यांचे हात निऱ्या विसरलेच, आणि पातळाचा एवढासा घट्ट गठ्ठा झाला. सासूबाईंनी येऊन गठ्ठ्यातून पदर ओढला, तर अख्खं पातळ एका झटक्यात सुटून देवघरभर पसरलं. आम्ही सगळे हसलो.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या नानांच्या हातांकडे बघत होत्या. इतक्या मायेने ते हात या घरातल्या कशाला लागलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. एवढं जपून कशासाठी करायचं, असं त्यांनी विचारलं.

“घडी चुकनी ते इमान थांबत नही,” नाना म्हणाले, आणि आत बसलेल्या वैमानिकाचं सांगितलं. “मझार बसेल गडी कोनाना तरी धनी ऱ्हास.”

सासूबाई पातळ गोळा करता करता थांबल्या.

“बठ्ठासना धनी घर धाडात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मना मातर तठेच राही गया.”

मोबाइल वाजत राहिला, नानांनी उचलला नाही. कानबाईला पातळ सासूबाईंनीच नेसवलं. नाना रोट खायला बसले तेव्हा त्या समोर बसून राहिल्या, आणि शेवटचा घास संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग आत जाऊन त्यांनी पेटीतला लग्नातला शालू काढून आणला आणि नानांच्या पुढ्यात ठेवला.

“आते मना शालूनी घडी करा.”

नाना हात धुवायला उठले.